विवेक कोणाच्या घरचा?

(यवतमाळ येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ‘आर्थिक मनुष्य’ नावाचा एक गृहस्थ असतो. तो प्रत्येक व्यवहारात नफातोटा पाहतो, कधी चुकत नाही आणि शेजाऱ्याच्या दुःखाने त्याची झोप मोडत नाही. मी त्याला आयुष्यभर वर्गात शिकविले. यवतमाळात तो मला कधी भेटला नाही. मूर्तिजापूरहून शकुंतला गाडीने निघाला असावा आणि गाडीच बंद पडल्याने वाटेत अडकला असावा, अशी मी माझी समजूत घातली आहे.

2017 साली मात्र त्याची फार आठवण झाली. त्या हंगामात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयात पडले. लगेच सुज्ञांनी निदान केले: मुखपट्टी नाही, हातमोजे नाहीत, अडाणी माणसे, यांना विवेक कसला?

आपण हिशेब मांडून पाहू. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, पाठीवर पंप. तोंड बांधून त्या उकाड्यात दिवसभर काम होत नाही आणि काम झाले नाही तर मजुरी मिळत नाही. विष बाधेल की नाही, हे अनिश्चित. मजुरी बुडाली तर चूल पेटणार नाही, हे निश्चित. निश्चित संकटाला आधी तोंड देणारा मनुष्य अविवेकी नव्हे. त्याचे गणित बरोबर होते. त्याला दिलेले आकडेच क्रूर होते.

आता विवेकी मानल्या जाणाऱ्या देशाकडे पाहू. त्या हंगामात फवारल्या गेलेल्या अनेक औषधांपैकी एक डायफेन्थियुरॉन. स्वित्झर्लंडने आपल्या शेतांतून ते 2009 मध्येच हद्दपार केले; निर्यातीवरील बंदी मात्र 2021 च्या आरंभी लागू झाली. मधल्या काळात विषाला पासपोर्ट होता, नीतीला नव्हता!

अॅडम स्मिथने राष्ट्रांच्या संपत्तीवरील ग्रंथ 1776 मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या सतरा वर्षे आधी, 1759 मध्ये, सहानुभूतीला नीतीचा आधार मानणारा ग्रंथ त्यानेच लिहिला होता. जगाने दुसरा ग्रंथ डोक्यावर घेतला आणि पहिला कपाटात ठेवला.

आपणही फार हसू नये. आपण समाजवाद्यांनीही एक गृहस्थ कल्पिला: संपूर्ण निःस्वार्थी. तोही मला क्वचितच भेटला. व्यासपीठावरील खुर्च्या मांडताना तर कधीच नाही.

माणूस देव नाही आणि दगडही नाही. म्हणूनच त्याला उपदेश करण्यापेक्षा त्याच्यापुढील आकडे बदलणे अधिक नैतिक आहे. पुढील खरिपात गावोगावी जाल, तेव्हा मजुराला विवेक शिकवू नका. हे विष येथे कोणी आणले, कोणी परवानगी दिली, कोणी विकले आणि फवारणाऱ्याच्या जिवाची जबाबदारी कोणावर, हे चार प्रश्न मोठ्याने विचारा. विवेक कोणाच्या घरी नाही, ते उत्तरांवरून आपोआप कळेल.