पोलिसांची तक्रार पोलिसांकडंच?

येळ्ळूरचं नाव काढलं की आपल्याला जुलै 2014 मधला लाठीमार आठवतो. फलकाच्या वादावर आपण तासन्‌तास बोलतो. आज मला वेगळंच विचारायचंय. पोलिसांनी मर्यादा ओलांडली, तर तक्रार कुणाकडं करायची? त्याच ठाण्यात, मारणाऱ्याच्या शेजारच्या टेबलावर?

हा प्रश्न सुप्रीम कोर्टात नेला तो एका पोलीस अधिकाऱ्यानंच. प्रकाश सिंह, बीएसएफचे माजी महासंचालक. याचिका 1996 ची, निकाल 22 सप्टेंबर 2006 चा. कोर्टानं राज्यांना सांगितलं, राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण नेमा. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश हवा. डीवायएसपीपर्यंतच्या तक्रारी जिल्ह्यानं ऐकायच्या, एसपी आणि त्यावरच्या राज्यानं. आणि महत्त्वाचं म्हणजे, प्राधिकरणाची शिफारस सरकारवर बंधनकारक.

पण पोलीस हा राज्यांचा विषय. कर्नाटकानं 2012 साली पोलीस कायदा दुरुस्त केला, महाराष्ट्रानं 2014 साली. महाराष्ट्रानं जिल्ह्याऐवजी विभागाची पातळी ठेवली. म्हणजे चंदगडच्या माणसानंही पुण्याकडं बघायचं! सीमेच्या अलीकडं काय, पलीकडं काय, सामान्य माणसाला दार लांबच.

म्हणून हा प्रश्न मराठी विरुद्ध कन्नड असा मांडू नका. काठी पाठीची भाषा विचारत नाही. कन्नड शेतकऱ्यालाही हेच प्राधिकरण लागणार आहे. या मागणीत तो आपल्याबरोबर उभा राहू शकतो.

तोवर हातात काय आहे? मार बसला तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नोंद करा. अटक झाली तर 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेतात, तिथं तोंड उघडा. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण मागा. डिसेंबर 2020 च्या निकालानुसार ते 18 महिने, निदान वर्षभर तरी जपायचं असतं. मानवी हक्क आयोगाकडं वर्षाच्या आत, फी न भरता तक्रार करता येते.

आणि एक काम आजच करूया. दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज. आपल्या जिल्ह्याच्या प्राधिकरणावर कोण आहे, किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या? कर्नाटकात अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो. एवढं तर आपल्याला जमेल की!

उत्तर आलं तर आकडे मिळतील. नाही आलं, तर अपील करायचं. घोषणा आपल्याला येतातच, आता अर्जही लिहूया.