नोंद आणि हक्क : वारसा, मृत्युपत्र आणि मराठी कुटुंब

वारसाकायद्यासंबंधीचे प्रश्न वकिलांच्या कचेरीत, तलाठ्याच्या सज्जावर, बँकेच्या खिडकीपाशी आणि गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयात रोज विचारले जातात. त्यांचे रूप जागोजागी वेगळे दिसत असले, तरी त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच समजूत आढळते, ती म्हणजे दप्तरात ज्याचे नाव लागले तो मालक झाला. ही समजूत चुकीची आहे आणि तिची किंमत प्रामुख्याने बहिणींनी, विधवांनी आणि घरापासून दूर राहणाऱ्या भावंडांनी मोजलेली आहे. म्हणून वकील, दस्तलेखक आणि महसुली कामकाजाचे जाणकार यांच्या या परिषदेत नोंद आणि हक्क यांतील अंतराचा विचार सर्वांत आधी होणे अगत्याचे आहे.

शेतजमिनीपासून आरंभ करणे योग्य ठरेल. खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसांनी मृत्यूच्या दाखल्यासह आणि सर्व वारसांची नावे सांगणाऱ्या प्रतिज्ञापत्रासह तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज करावयाचा असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे ही वर्दी तीन महिन्यांत देणे अपेक्षित आहे. त्यानंतर गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस जाते, मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो आणि मगच सातबाऱ्यावर नावे चढतात. या साखळीत कोठेही मालकीचा निवाडा होत नाही. महसूल कोणाकडून घ्यावयाचा हे शासनाला कळावे, एवढाच तिचा हेतू आहे. संहितेचे कलम १५७ अशा नोंदीला खरेपणाचे गृहीतक देते, पण ते विरुद्ध पुरावा येईपर्यंतच टिकते, आणि फेरफाराने मालकी निर्माण होत नाही व नष्टही होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे.

असे असूनही जुन्या सातबाऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, अशी अक्षरे आढळतात. ज्या नोंदीने तो केवळ सर्वांच्या वतीने पाहणारा ठरला होता, तिच्याच आधारे पुढच्या पिढीत त्याची मुले संपूर्ण जमिनीवर हक्क सांगतात. दुसरा प्रकार याहून अधिक प्रचलित आहे. भावांची नावे कब्जेदार सदरी घेतली जातात, तर बहिणींची ‘इतर हक्कात’ टाकली जातात. कायद्याने सर्वांचा हिस्सा सारखा असताना कागदावर मात्र बहीण जणू बोजा असल्याप्रमाणे कडेच्या रकान्यात उरते, आणि काही वर्षांनी तेथूनही तिचे नाव कमी व्हावे यासाठी हक्कसोडपत्र तयार होते. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी राज्य शासनाने २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम हाती घेतली, ते स्वागतार्हच आहे. परंतु नाव लागले की नाही एवढेच न पाहता ते कोणत्या रकान्यात लागले, हेही पाहिले गेले पाहिजे.

हक्कसोडपत्र म्हणजे सहहिस्सेदाराने आपला अविभक्त हिस्सा दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या लाभात सोडून दिल्याचा दस्त. तो स्थावर मिळकतीसंबंधी असल्याने नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ नुसार त्याची नोंदणी सक्तीची आहे, आणि ‘माहेरचे काही नको’ असे तोंडाने म्हटल्याने किंवा साध्या कागदावर लिहून दिल्याने हिस्सा सुटत नाही. उलट, एकदा दस्त नोंदला गेला की तो मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा दबाव सिद्ध करून तो न्यायालयातून रद्द करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी वस्तुस्थिती कळल्यापासून तीनच वर्षांची मुदत असते. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीवरील भावी वारसाहक्क मुलीकडून लिहून घेण्याची पद्धतही दिसते. परंतु केवळ वारस होण्याची आशा हे हस्तांतर करण्याजोगे हितच नसल्यामुळे असा कागद सामान्यतः निष्फळ ठरतो. रक्षाबंधन आणि भाऊबीज यांच्या आठवणीने बांधलेल्या बहिणीपुढे निबंधक कार्यालयाच्या दारात हा दस्त प्रथमच ठेवला जातो, तो तिला कोणी वाचून दाखवत नाही आणि तिच्या हिश्शाची किंमतही कोणी सांगत नाही. या व्यवहारात दस्तलेखकाने केवळ लेखणी चालवावी, असे म्हणणे त्याच्या व्यवसायाचा अपमान करणारे आहे.

मुलींच्या हक्काला या प्रांताच्या धर्मशास्त्रात मुळीच आधार नव्हता, असेही नाही. महाराष्ट्रात विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ आणि तिच्या जोडीने नीलकंठभट्टाचा ‘व्यवहारमयूख’ हे ग्रंथ प्रमाण मानले जात, आणि मुंबई इलाख्यात कन्या व भगिनी यांना वारसाने आलेली मिळकत पूर्ण मालकीने मिळे. अन्य अनेक प्रांतांत त्यांना केवळ हयातीपुरता उपभोग होता. अर्थात पुत्र असताना कन्येला वाटा नव्हता, आणि तो मिळण्यासाठी हिंदू वारसा अधिनियम, १९५६ यावा लागला. या कायद्याच्या कलम ८ प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू पुरुषाची मिळकत प्रथम वर्ग १ च्या वारसांना जाते. मागे पत्नी, आई, दोन मुलगे आणि एक मुलगी असतील, तर पाच समान हिस्से होतात. वडील हयात असले तरी त्यांना काहीही मिळत नाही, कारण आई वर्ग १ मध्ये आहे आणि वडील वर्ग २ मध्ये. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. अनुसूचित जमातींना तो केंद्र शासनाच्या अधिसूचनेशिवाय लागू होत नाही.

एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः सहदायाद, म्हणजे वाटपाचा हक्क असलेली हिस्सेदार, करण्याचे पाऊल महाराष्ट्राने १९९४ मध्येच उचलले. मात्र २२ जून १९९४ पूर्वी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या. केंद्रीय दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ रोजी अमलात आली आणि हा भेद गेला. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक आहे काय, हा पुढे पंधरा वर्षे घोळलेला वाद सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी नकारार्थी उत्तर देऊन मिटवला. वाटप आधीच तोंडी झाले होते, हा भावांचा नेहमीचा बचावही तेथे सहजासहजी मान्य होणार नाही असे स्पष्ट झाले. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेले नोंदणीकृत किंवा न्यायालयीन वाटप मात्र सुरक्षित राहिले.

आजोबांच्या मिळकतीत नातवाचा हक्क असतो का, या प्रश्नाचे उत्तर ‘वडिलोपार्जित’ या शब्दाच्या सैल वापरामुळे बिघडते. आजोबांची स्वतःची मिळकत १९५६ नंतर कलम ८ प्रमाणे वडिलांकडे आली असेल, तर ती वडिलांची व्यक्तिगत मिळकत होते आणि ते हयात असताना नातवाला तिच्यात हिस्सा मागता येत नाही, असे १९८६ पासूनच्या निर्णयांनी ठरले आहे.

शहरातील नामनिर्देशन म्हणजे खेड्यातील फेरफाराचा सख्खा भाऊ होय. बँक, भाग किंवा सदनिका यांसाठी नोंदवलेला नामनिर्देशित हा मृताच्या पश्चात रक्कम किंवा मिळकत ताब्यात घेऊन खऱ्या वारसांसाठी सांभाळणारा विश्वस्त असतो. विम्याच्या रकमेबाबत हे तत्त्व १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी प्रकरणात मांडले, आणि कंपनीच्या भागांबाबत तेच १४ डिसेंबर २०२३ रोजी शक्ती येझदानी प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले. विमा कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने आईवडील, पती-पत्नी आणि मुले यांना नामनिर्देशित म्हणून वेगळा दर्जा दिल्यामुळे पॉलिसीचा प्रश्न मात्र स्वतंत्रपणे तपासावा लागतो. गृहनिर्माण संस्थेच्या बाबतीत महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम १५४ब-१३ नामनिर्देशिताला तात्पुरत्या सदस्याचे स्थान देते. वारस ठरेपर्यंत संस्थेचा व्यवहार अडू नये, हे त्याचे कारण. तरीही अशा सदस्याने सदनिका परस्पर विकल्याच्या तक्रारी थांबत नाहीत. संस्थांच्या चिटणीसांना हे कलम मराठीत समजावून सांगण्याचे काम वकिलांच्या संघटनांनी हाती घेतले, तर अनेक दावे जन्मालाच येणार नाहीत.

मृत्युपत्राकडे वळताना प्रथम त्याच्याभोवतीची भीती दूर केली पाहिजे. त्याला मुद्रांक लागत नाही, विशिष्ट नमुना लागत नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे. ते हयातीत केव्हाही बदलता किंवा रद्द करता येते आणि थोडाच बदल हवा असल्यास कोडिसिल, म्हणजे पुरवणी मृत्युपत्र, पुरते. आवश्यक आहे ती सज्ञान वयाची आणि स्वस्थ मनाची व्यक्ती, तिची सही किंवा अंगठा, आणि भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन. साक्षांकन म्हणजे केवळ कागदावर साक्षीदारांच्या सह्या असणे नव्हे. प्रत्येक साक्षीदाराने मृत्युपत्रकर्त्याला सही करताना पाहिलेले असले पाहिजे किंवा ‘ही सही आपली आहे’ असे त्याच्या तोंडून ऐकलेले असले पाहिजे, आणि त्याच्यासमक्ष स्वतः सही केलेली असली पाहिजे. दोघांनी एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही, मजकूर त्यांना ठाऊक असण्याचीही नाही. परंतु दस्त आधी लिहून, सही होऊन, नंतर शेजाऱ्याच्या घरी साक्षीसाठी पाठवला गेला, तर उत्तम भाषेतले मृत्युपत्रही कोसळते. पुढे वाद झाल्यास हयात आणि उपलब्ध साक्षीदारांपैकी एकाला तरी न्यायालयात येऊन हे सारे सांगावे लागते, म्हणून कर्त्याच्याच वयाचे दोन मित्र साक्षीला घेण्यापेक्षा वयाने लहान आणि मिळकतीशी संबंध नसलेली माणसे घेणे शहाणपणाचे असते.

व्यंकटाचल अय्यंगार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये दिलेला निर्णय या विषयात आजही पायाभूत आहे. मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल, तर ती दूर करण्याचा भार ते पुढे करणाऱ्यावर असतो, आणि ज्याला मोठा लाभ होतो त्यानेच दस्त तयार करण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती परिस्थिती गंभीर मानली जाते. पत्नीचे किंवा एखाद्या अपत्याचे नाव कोणतेही कारण न देता गाळणे, हेही संशयाला वाव देते. एखाद्या मुलाला कमी द्यावयाचे असल्यास त्याला आधी काय दिले गेले, किंवा दुसऱ्याला अधिक का हवे, हे दोन साध्या वाक्यांत लिहून ठेवणे सर्व ठराविक कलमांपेक्षा मोलाचे असते. आणि मृत्युपत्रातून फक्त स्वतःचे तेवढेच देता येते. एकत्र मिळकतीतील मुलांचे हिस्से वडिलांना कोणाच्या नावे करता येत नाहीत.

मुंबईत हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे न्यायालयाचे प्रमाणपत्र, दीर्घकाळ सक्तीचे होते. २०२५ च्या निरसन व सुधारणा कायद्याने भारतीय उत्तराधिकार अधिनियमातील कलम २१३ वगळल्यामुळे ती सक्ती संपली, तरी वाद संभवत असल्यास प्रोबेट घेण्याचा मार्ग खुला आहे. मृत्युपत्र नसताना येणी आणि रोखे यांसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र लागते, तर वारस कोण हे सांगणारा दाखला आजही १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली मिळतो.

मुस्लिम कायद्यात अंत्यसंस्काराचा खर्च आणि कर्ज वजा जाता उरलेल्या मिळकतीच्या एक-तृतीयांशापेक्षा अधिक मिळकत वारसांच्या संमतीवाचून वसीयतीने देता येत नाही. गोव्यात पोर्तुगीज परंपरेतून आलेल्या आणि २०१२ च्या गोवा कायद्यात मांडलेल्या व्यवस्थेनुसार वंशजांचा अर्धा वाटा राखीव असतो, तो मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. गोवेकराची मुंबईतील मिळकतही याच नियमाखाली येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले आहे. मुलीला रिकाम्या हाताने घालवणे तेथे वडिलांना अशक्य आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातील कायदेपंडितांनी गांभीर्याने अभ्यासावी अशी आहे.

आतापर्यंतच्या प्रश्नांत कायदा बरोबर होता आणि समजूत चुकीची. एका ठिकाणी मात्र कायदाच अपुरा आहे. हिंदू वारसा अधिनियमाच्या कलम १५ नुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या विवाहित हिंदू स्त्रीला अपत्य नसेल आणि पतीही हयात नसेल, तर तिने स्वतः कमावलेली मिळकत पतीच्या वारसांकडे जाते आणि तिचे आईवडील त्यांच्यानंतर येतात. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या २००९ च्या प्रकरणात १९५५ साली विवाह झालेली स्त्री तीनच महिन्यांत विधवा झाली होती, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले होते, माहेरी शिकून तिने नोकरी केली होती आणि १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता तिचे निधन झाले. तिच्या आईने मागणी करूनही बँकेतील ठेवी आणि भविष्यनिर्वाह निधी पतीच्या बहिणीच्या मुलांना मिळाला, कारण सहानुभूतीच्या आधारे कलमाचा अर्थ बदलता येत नाही असे न्यायालयाला म्हणावे लागले. विधी आयोगाने २००८ मधील २०७ व्या अहवालात या कलमात दुरुस्ती सुचवली होती. या परिषदेने त्या दुरुस्तीची मागणी करणारा ठराव संमत करावा, आणि ती होईपर्यंत नोकरी करणाऱ्या प्रत्येक निरपत्य विवाहितेला व विधवेला मृत्युपत्राचा सल्ला विनाशुल्क देण्याची व्यवस्था जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांच्या साहाय्याने तालुक्यातालुक्यांत उभी करावी.