यंत्रबुद्धीचा काळ आणि आपला चरितार्थ



ह्या आनंदाच्या दिवशी एक चिंतेची गोष्ट बोलणे आम्हांस प्राप्त आहे. पत्रे लिहिणे, हिशेब मांडणे, भाषांतर करणे ह्यांवर आपल्यांतील कित्येक कुटुंबांचा चरितार्थ चालतो; तीच कामे आता कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे क्षणार्धात करू लागली आहेत.

ख्रिस्तसभेस हा प्रश्न अपरिचित नाही. १८९१ साली पोप तेरावे लिओ ह्यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढून कामकऱ्यांचा कैवार घेतला. त्याचे स्मरण ठेवूनच २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहाशयांनी चौदावे लिओ हे नाव धारण केले, आणि त्या नावाचे कारण सांगताना ह्या यंत्रबुद्धीचा उल्लेख स्वमुखाने केला.

तेव्हा यंत्राचा द्वेष न करता ते शिकून घ्यावे. मात्र हे यंत्र खोटी गोष्टही खरीच्या डौलाने सांगते. तिची पारख करणारा व चुकीबद्दल उत्तरदायी होणारा मनुष्य हवाच; आणि ज्यास आपले काम मुळापासून अवगत आहे, त्यासच ही पारख साधते. म्हणून तरुणांनी वडीलधाऱ्यांस यंत्र शिकवावे, वडीलधाऱ्यांनी तरुणांस पारख द्यावी. पन्नाशी उलटल्यावर शिकण्याची लाज कसली? आम्हीही शिकतच आहोत.

इतके करूनही कोणाचे काम सुटलेच, तर त्याने तोंड लपवू नये; त्याची चूल विझणार नाही, हे पाहणे साऱ्या धर्मग्रामाचे कर्तव्य होय. नासरेथच्या सुताराचा पुत्र आपणां सर्वांस बळ देवो.