रदीफ टेकवायचा कुठे?

आम्ही परंड्याचे. घरी बोली दखनी, माझी शाळा मराठी आणि आमचे अब्बा निजामाच्या राज्यात उर्दू शिकलेले. कॉलेजात असताना मी पहिली मराठी गझल लिहून त्यांना ऐकवली. ते एवढंच म्हणाले, "मजमून अच्छा है, पन गझल उर्दूच की." ते मला लागलं.

खरं तर गझल फारसीतून इकडे आली. वली दखनीच्या गझला अठराव्या शतकात दिल्लीला पोचल्या, तेव्हा फारसीत लिहिणारे तिथले कवीही आपल्या बोलीकडे वळले. मराठीत माधव जूलियनांची 'गज्जलांजली' १९३३ची. पुढे सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहून नियम आमच्या हाती दिले. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं, म्हणून 'दार', 'वार', 'भार' या काफियांमागे 'आहे' हा रदीफ आपसूक येऊन बसतो. उर्दूतल्या 'है'चंही तसंच.

गेल्या वर्षी पुण्यात शिकणारी माझी मुलगी म्हणाली, "अब्बू, मी इंग्रजीत गझल लिहिलीय." माझ्या ओठांवर अब्बांचंच वाक्य आलं. इंग्रजीत क्रियापद वाक्याच्या मध्येच उरकतं. मग रदीफ टेकवायचा कुठे?

तिनं आगा शाहिद अलींचं पुस्तक पुढे केलं. श्रीनगरात वाढलेला हा कवी अमेरिकेत राहून इंग्रजीत लिहीत असे. २००१ साली तो गेला. तिकडचे कवी काफिया-रदीफ सोडून सुट्या द्विपदी लिहीत आणि त्यांनाच गझल म्हणत, हे त्याला खटकत होतं. म्हणून २००० साली त्यानं नियम पाळू पाहणाऱ्या इंग्रजी गझलांचा संग्रह संपादित केला. त्याच्या गाजलेल्या गझलेचा रदीफ आहे 'टुनाइट', म्हणजे 'आज रात्री'. क्रियापद नाही, तर वाक्याच्या शेवटी सहज बसणारा शब्द त्यानं निवडला. वाट अशी निघते.

मुलीचा रदीफ होता 'ॲट होम', म्हणजे 'घरी'. तीन शेर चोख होते, दोन लंगडत होते. एकात तर काफियाच हुकला होता. एका शेरात तिचे आजोबा होते, माझी मराठी गझल ऐकून गप्प बसलेले. तो वाचून मीही थोडा वेळ गप्प बसलो.

मग फोन करून चुका सांगितल्या आणि त्या तीन शेरांना मोकळी दाद दिली. चूक दाखवावी, पण भाषेचं दार आपण लावू नये. ते दोन शेर दुरुस्त करून ती पाठवणार आहे. मी वाट पाहतो आहे.