तेलुगू लिपी आणि आपण



तेलुगू लिपीशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. सोलापुरातील तेलुगू विणकरांच्या वस्तीत तिची वाटोळी अक्षरे आपणांपैकी कित्येकांनी पाहिली असतील आणि ती परकी मानली असतील. परंतु ती परकी नव्हेत. आपली देवनागरी आणि तेलुगू या दोन्ही लिपी ब्राह्मीच्याच लेकी आहेत.

ज्या ब्राह्मीत सम्राट अशोकाने धम्माचे लेख कोरविले, ती आंध्रातही नांदत होती. कर्नूल जिल्ह्यातील येर्रगुडीच्या खडकांवर त्याचे लेख आहेत. कृष्णेच्या मुखाकडील भट्टिप्रोलू येथील स्तूपात १८९२ साली अस्थिकरंडक सापडले. त्यांवरही ब्राह्मी लेख आहेत. कुराचा पिता, कुराची माता, स्वतः कुर आणि शिव यांनी बुद्धाच्या अस्थींसाठी करंडक व स्फटिकाची डबी दिली, अशी नोंद त्यांतील एका लेखात आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे कुटुंब आज आपणांस ठाऊक आहे, ते केवळ अक्षरांमुळे!

पुढे दक्षिणेत ब्राह्मीचे वळण बदलत गेले. कडप्पा जिल्ह्यातील कलमळ्ळ येथील सुमारे ५७५ सालचा शिलालेख हा संपूर्ण तेलुगू भाषेतील सर्वांत जुना ज्ञात लेख मानला जातो. तेलुगू व कन्नड यांची लिपी कित्येक शतके एकच होती. तेराव्या शतकानंतर त्या हळूहळू विभक्त झाल्या. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने सरळ रेघ ओढली तर पान चिरते. म्हणून अक्षरे वाटोळी झाली, असे सांगितले जाते.

मात्र मूळ ब्राह्मी लोक विसरले. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती उलगडीपर्यंत अशोकाचे लेख डोळ्यांसमोर असूनही मुके होते. लिपी विसरणे म्हणजे आपल्याच पूर्वजांचे बोलणे ऐकू न येणे होय.

आणि लिपी काही थोड्यांच्या हाती कोंडली गेली, तर बाकीचे जिवंतपणीच मुके होतात. विनुकोंडा येथे १८९५ साली जन्मलेले कवी गुर्रम जाषुवा यांनी अस्पृश्यतेचे चटके सोसले. १९४१ साली त्यांनी ‘गब्बिलम’ म्हणजे ‘वटवाघूळ’ हे काव्य प्रसिद्ध केले. ज्या देवळाचे दार माणसाला बंद, तेथे वटवाघूळ मात्र खुशाल शिरते. म्हणून अस्पृश्य आपले गाऱ्हाणे त्याच्याच हाती धाडतो. ज्यांना अक्षर नाकारले गेले होते, त्यांचे दुःख त्याच अक्षरांत उमटले.

म्हणून माता-पित्यांनो, कुराच्या कुटुंबाचे स्मरण ठेवा. आपल्या घरातील आजी-आजोबांची नावे, त्यांचे गाव आणि त्यांचे कष्ट मुलांकडून वहीत लिहवून घ्या. मुलींच्या हातीही लेखणी द्या. जे लिहिले जाते, तेच मागे उरते.