उवा, फणी आणि सीताफळाच्या बिया



सीताफळाच्या दिवसांत दौलताबादच्या रस्त्यानं गेलात तर कडेला फळांच्या पाट्या मांडलेल्या दिसतात. पलीकडे बीडच्या सीताफळाला तर 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. फळ जरूर खा. आज मला बोलायचंय ते बियांविषयी, आणि त्या ज्यासाठी जपून ठेवल्या जातात त्या उवांविषयी.

आपल्याकडे अनेक घरांत या बिया वाळवतात, कुटतात, खोबरेल तेलात कालवून पोरीच्या डोक्याला थापतात आणि वरून फडकं बांधतात. उवा मरतात का? मरतात. म्हणूनच तर हा उपाय आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे चालत आला. पण ज्या द्रव्यानं ऊ मरते, तेच डोळ्यात गेलं की बुबुळावरचा पारदर्शक पडदा सोलवटून काढतं. मूल झोपेत कूस बदलतं, घाम येतो, तेल कपाळावरून ओघळतं. काही तासांत डोळा लालबुंद होतो, पाण्याच्या धारा लागतात आणि ठणका असा, की पापणी उघडवत नाही. भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांतून नोंदवलेले आहेत. वेळेवर उपचार झाले तर बहुतेकांचा डोळा बरा होतो. पण उवांसाठी मुलाचा डोळा पणाला लावायचा कशाला? आणि चुकून असं झालंच, तर स्वच्छ पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं डोळा धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठा. तूप, दूध, मध काही घालू नका. सकाळ व्हायची वाट पाहू नका.

डोक्याला रॉकेल लावण्याचंही तेच. चुलीजवळ भडका उडतो, पोटात किंवा श्वासात गेलं तर फुप्फुसं सुजतात. आणि कपाशीच्या फवारणीचं औषध डोक्याला लावणारेही आहेत! टाळूच्या कातडीतून ते रक्तात उतरतं आणि मुलाच्या जिवावर बेततं. ते डोक्याला कधीच लावायचं नाही. यात दुसरं मत नाही.

हे अघोरी उपाय होतात, कारण उवा म्हटलं की लाज वाटते. शेजारीण काय म्हणेल, बाई वर्गात काय बोलतील. आपल्या शहरात नळाला पाणी किती किती दिवसांनी येतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यामुळे 'रोज न्हाऊ घालता येत नाही, म्हणून झाल्या' असं आया खाली मान घालून सांगतात. बाई, तसं नाही. ऊ धुतलेल्या केसांतही तितक्याच सुखानं नांदते. तिला पंख नाहीत, उडी मारता येत नाही. तिच्या सहा पायांना आकड्यासारखी नखं असतात. त्यांनी केस पकडत ती एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर चालत जाते. डोक्याला डोकं लावून मुली सागरगोटे खेळतात, एका मोबाइलवर तिघी वाकतात, एका उशीवर बहिणी झोपतात. उवेला एवढं पुरतं.

उवांनी रोग पसरतो अशीही भीती असते. टायफस नावाचा जीवघेणा ताप उवांमुळे पसरतो हे शार्ल निकोल या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1909 मध्ये दाखवलं आणि त्याला 1928 चं नोबेलही मिळालं. पण ती कपड्यांत राहणारी, अंगावरची ऊ. डोक्यातली ऊ रक्त पिते, खाज आणते, झोप मोडते. खाजवून जखम चिघळते, मानेमागे गाठी येतात. त्रास एवढाच. म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते, की केवळ उवांसाठी मुलाला शाळेतून घरी पाठवू नये. आपल्या शिक्षकांनीही हे मनावर घ्यावं. पोरीला शेवटच्या बाकावर एकटं बसवण्यानं उवा कमी होत नाहीत. आणि तिची वेणी कापू नका हो!

आता उपायाकडे वळू. ऊ तिळाएवढी. मादी रोज सहा ते दहा लिखा घालते आणि त्या केसाच्या मुळाशी, टाळूला अगदी लगत चिकटवते. कोंडा फुंकर मारली तरी हलतो. लीख नखानं ओढावी लागते. आठ-दहा दिवसांत तिच्यातून पिल्लू बाहेर येतं आणि पुढच्या दहाएक दिवसांत तेही अंडी घालू लागतं. पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलाला खाज सुटायलाच चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे तुम्हाला कळतं तोवर त्यांचा संसार वाढलेला असतो.

औषधाच्या दुकानात परमेथ्रिनचं एक टक्क्याचं लोशन मिळतं. तेच घ्या, खरजेचं पाच टक्क्यांचं वेगळं असतं. केस साध्या शाम्पूनं धुवा, कंडिशनर लावू नका, टॉवेलनं टिपा. मग लोशन कानामागे, मानेवर, मुळापर्यंत चोळा, दहा मिनिटं ठेवा आणि धुऊन टाका. पुढचे एक-दोन दिवस शाम्पू नको. दोन वर्षांखालच्या बाळासाठी आणि गरोदर आईसाठी आधी डॉक्टरांना विचारा.

इथपर्यंत सगळे येतात. फसतात ते पुढे. हे औषध उवेच्या मज्जासंस्थेवर चालतं आणि कोवळ्या लिखेत ती अजून तयारच झालेली नसते. त्यामुळे लीख वाचते, आठवड्यात फुटते आणि आई म्हणते, 'औषध खोटं निघालं.' म्हणून नवव्या दिवशी दुसऱ्यांदा लावायचं. नवी पिल्लं अंडी घालण्याआधीच गाठायची.

जोडीला फणी हवीच. इस्रायलमधल्या लाकिशला सुमारे 3,700 वर्षांपूर्वीची हस्तिदंती फणी सापडली. तिच्यावर कोरलेला मजकूर 2022 मध्ये वाचला गेला, तर काय निघालं? केसांतल्या नि दाढीतल्या उवा जाव्यात अशी इच्छा! आपल्या बाजारातली बारीक दातांची, दोन्ही बाजूंची फणी त्याच घराण्यातली. केस ओले करा, भरपूर तेल लावा, बट-बट वेगळी करून मुळापासून टोकापर्यंत ओढा आणि दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसा. फडक्यावर काळपट ठिपका हलला, की समजा सापडली. तीन-चार दिवसांआड असं दोन आठवडे करा. याला तांब्याभर पाणी पुरतं. फणी मात्र नंतर उकळत्या पाण्यातून काढा. घरभर फवारणी नको. डोक्याबाहेर ऊ दिवस-दोन दिवसच जगते. उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुवा, बस.

दोन्ही वेळा औषध लावूनही जिवंत उवा दिसल्या, किंवा डोक्यात पू झाला, तर घाटी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्यांनाही न लाजता सांगा.

तेव्हा येत्या रविवारी घरातल्या सगळ्यांची डोकी उजेडात बसवून पाहा, आजीचंही. ज्यांच्या डोक्यात सापडतील त्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध लावा, आणि लावलंत की कालनिर्णयवर नववा दिवस पेनानं गोल करून ठेवा.