पोचा



आजच्या भाषणाचा विषय आकाराने फार मोठा नाही. कधी लिंबाएवढा, कधी बशीएवढा, आणि दैव फारच फिरले तर परातीएवढा. तुमच्या दारात स्कूटर, मोटारसायकल, जीप, ट्रॅक्टर किंवा हप्त्यांवर घेतलेली चारचाकी उभी असेल, तर या विषयाशी तुमची ओळख आधीच झालेली आहे. मी बोलणार आहे गाडीला पडणाऱ्या पोच्याविषयी.

गॅरेजमध्ये याला डेंट म्हणतात. आपला जुना शब्द पोचा. घागर विहिरीच्या काठावर आपटली की तिला पोचा येतो. आमच्या आजीला घरातल्या घागरींचे पोचे तोंडपाठ होते. हा तुझ्या आत्याच्या लग्नातला, हा १९७२ च्या दुष्काळात विहिरीवरच्या गर्दीतला, असे ती बोट ठेवून सांगे. घागरी विकायला काढल्या तेव्हा मोडवाल्याने पोचे पाहून भाव पाडला. आजीने पोचे पाहूनच घागरी परत घरात नेल्या.

पोचा पडायला गाडी वेगात असावी लागते, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. अपघात रस्त्यावर होतात, पोचे बहुधा अंगणात पडतात. गोठ्यातून सुटलेल्या म्हशीला पाठ खाजवायला बाभळीच्या खोडापेक्षा नवी गाडी अधिक सोयीची वाटते. वानरांची टोळी गावात शिरली की तिची कौलावरची उडी नेमकी गाडीच्या टपावर येते. कोकणातला माणूस माडाखाली स्वतः बसत नाही आणि गाडीही लावत नाही. सावली पाहून तिथे गाडी लावतो तो घाटावरून गेलेला पाहुणा. आणि लग्नाची वरात! नवरदेवाच्या गाडीच्या बॉनेटवर दोन करवले चढून बसतात आणि बँडच्या ठेक्यावर टाचा आपटतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचे मोजले जातात, तेव्हा दोन्हीकडची मंडळी एकमुखाने सांगतात, "आमचा पोरगा नव्हता हो त्यात!" लग्न जमल्यापासून दोन्ही पक्षांचे एकमत झालेले तेवढेच.

माझ्या स्वतःच्या गाडीला पहिला पोचा पडला तो दसऱ्याच्या दिवशी, आणि तोही पूजेत. झेंडूचा हार घालून झाला, हळदकुंकू वाहिले, चाकाखाली लिंबे ठेवली. नारळ फोडण्याचा मान अर्थात सासऱ्यांचा. त्यांनी पुढच्या चाकापाशी दगड मांडला, मंत्र पुटपुटला आणि नारळ जोराने आपटला. नारळ फुटला नाही. तो दगडावरून उसळला आणि बॉनेटवर जाऊन बसला. क्षणभर कोणी काही बोलेना. मग सासरे शांतपणे म्हणाले, "जावईबापू, गाडीला दृष्ट लागायची होती, ती निघाली." आता सासऱ्यांना काय बोलणार? मी "बरं झालं" म्हटले आणि खाली वाकून त्यांच्या पाया पडलो. तेवढ्यात पोचा जवळून पाहूनही घेतला.

दुसरा पोचा मात्र सर्वस्वी माझा. १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात तयार होणाऱ्या नव्या मोटारींना मागच्या अंगाला इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे. गाडी मागे घेताना काही आडवे आले की ती टूं टूं करते. माझ्या गाडीलाही ती आहे. मी तिच्या भरवशावर ऐटीत गाडी मागे घेत होतो. ती गप्प होती, म्हणून मीही निश्चिंत होतो. पाठोपाठ आवाज झाला तो टूं नव्हे, धाड्. अंगणातले आजीच्या वेळचे दगडी उखळ! ही यंत्रणा आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडते आणि त्याचा परत येणारा प्रतिध्वनी मोजते. तिची टिकली बसवलेली असते साधारण गुडघ्याच्या उंचीवर. उखळ तिच्या नजरेच्या खाली राहिले. बाजूच्या आरशात ते मला दिसले होते. पण तो आरसा बहिर्गोल, आणि बहिर्गोल आरशात वस्तू लहान दिसते, म्हणून ती आहे त्याहून दूर वाटते. शिक्षक बंधुभगिनींनो, हा धडा तुम्ही वर्गात शिकवता. मीही शाळेत तो पाठ केला होता. उखळाने तो पक्का करून घेतला.

आता पोचा पडतो म्हणजे काय होते? घरातल्या पत्र्याच्या डब्याचे झाकण घ्या. अंगठ्याने हलके दाबा. टक् असा आवाज होतो आणि झाकण पुन्हा पूर्ववत होते. जोराने दाबा; आता ते परत येत नाही. पोलादाच्या अंगी थोडे सोसून पुन्हा सरळ होण्याचा गुण आहे, पण त्याला मर्यादा आहे. मर्यादा ओलांडली की पत्रा नवा आकार धरतो आणि तोच जन्मभर धरून बसतो. मोटारीचा पत्रा तर एक मिलिमीटरहूनही पातळ असतो.

यावर आमच्या गावातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "आताच्या गाड्या म्हणजे डबे. आमच्या वेळच्या जीपला काही होत नसे." खरे आहे. जीपला होत नसे, म्हणून जे व्हायचे ते आतल्या माणसाला होई. बेला बारेन्यी नावाच्या अभियंत्याने १९५१ साली याचे मर्म ओळखून एकस्व मागितले. त्याचे म्हणणे असे, की मोटारीचे मधले घर भक्कम ठेवा, पण पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चेपेल असा करा. तो चेपताना धक्का पोटात घेतो आणि माणसापर्यंत कमी पोचतो. १९५९ साली मर्सिडीज-बेंझने या पद्धतीची गाडी बाजारात आणली. जोराची धडक बसली असता गाडीचे तोंड चेपले आणि माणूस चालत बाहेर आला, तर गाडी कच्ची निघाली असे म्हणू नये. तिने आपले काम केले.

हे झाले पोच्याचे विज्ञान. त्याचे व्याकरणही आहे, आणि तो माझा प्रांत, कारण मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. "मी गाडी ठोकली" हे वाक्य घ्या. हा कर्मणी प्रयोग. क्रियापद गाडीच्या मागून जाते. तरी त्या वाक्यात निदान "मी" आहे. पण हे वाक्य घरोघरी ऐकू येते का? नाही. ऐकू येते ते असे : "गाडी जराशी लागली." "कुठंतरी घासली." "कोण जाणे, झालं कसं तरी." घरात चार माणसे, चौघांनाही गाडी चालवता येते, आणि पोचा मात्र आपोआप पडलेला असतो. पोचा पडला की पहिला पळून जातो तो वाक्यातला कर्ता.

मीही एकदा असाच पळालो होतो. ती गोष्ट सांगतो.

सन १९९३ ची उन्हाळ्याची सुट्टी. मी तेरा वर्षांचा. आमचे अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. पुष्कळ वर्षे पगारातून बाजूला टाकून त्यांनी स्कूटर घेतली होती. शाळा बंद असल्याने ती पडवीत उभी असे. मित्रांना ऐट दाखवावी म्हणून एका दुपारी मी ती स्टँडवरून ढकलली. त्या स्कूटरचे इंजिन उजव्या अंगाला असायचे, त्यामुळे ती उजवीकडे कलायची. ती कलली, मला आवरली नाही आणि थेट दगडी पायरीवर आडवी झाली. इंजिनावरच्या झाकणाला ताटलीएवढा पोचा पडला, आणि उजव्या मुठीपाशी असलेला पुढच्या ब्रेकचा लिव्हर वाकला.

मित्र पसार झाले. मी लिव्हर नळीच्या तुकड्यात घालून सरळ केला आणि स्कूटर अशी लावली, की तिची उजवी बाजू भिंतीकडे राहावी. पुढचे आठ दिवस मी ती रोज न सांगता पुसत होतो. अण्णांना वाटले, पोराला शिस्त लागली.

आठव्या दिवशी पहाटे अंधारातच आम्ही मावशीकडे लग्नाला निघालो. एका स्कूटरवर चौघे. पुढे उभा धाकटा भाऊ, मग अण्णा, मध्ये मी, मागे आई, आणि तिच्या मांडीवर आहेराचे पातेले. तेव्हा त्याचे कोणाला काही वाटत नसे. वाटायला हवे होते. उतारावर अण्णांनी ब्रेक दाबला आणि कट्कन लिव्हर तुटून त्यांच्या हातात आला. ओतीव धातू एकदा वाकवून पुन्हा सरळ केला की आतून तडकतो, हे मला कुठे ठाऊक? अण्णांनी पायाचा ब्रेक दाबला, गिअर खाली उतरवला आणि रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात स्कूटर घातली. आईचे कोपर खरचटले, माझे गुडघे फुटले, भावाने भोकाड पसरले. पातेले गडगडत गेले आणि त्यालाही पोचा आला. तसेच ते आहेरात द्यावे लागले.

उजाडल्यावर अण्णांनी तुटलेला लिव्हर हातात घेऊन पाहिला. तुटलेल्या जागी अर्धी चीर जुनी, काळवंडलेली होती. अर्धी नवी, चकचकीत. मग ते उजवीकडे आले आणि त्यांना झाकणाचा पोचा दिसला.

"कधी झालं हे?"

"आठ दिवस झाले, अण्णा. स्कूटर पडली."

"पडली, की पाडलीस?"

मी खाली मान घातली. मला वाटले, आता कानाखाली बसणार. बसली नाही. ते म्हणाले, "पोच्याचं काही नाही रे. तू सांगितलं असतंस, तर चार पैशांचा लिव्हर मी त्याच दिवशी बदलला असता. आत्ता पुढं खडी होती. ओढा असता तर?" थोडे थांबून त्यांनी विचारले, "सांगितलं का नाहीस?"

"भीती वाटली."

यावर ते काहीच बोलले नाहीत. पुष्कळ वर्षांनी आईने मला सांगितले, की त्या रात्री अण्णांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पोराला माझी इतकी भीती वाटते?"

श्रोतेहो, दोष माझा होता यात शंका नाही. पण मी आज दोन मुलांचा बाप आहे आणि वर्गात साठ मुलांसमोर उभा राहतो, तेव्हा अण्णांच्या त्या वाक्याचा अर्थ मला अधिक कळतो. पहिल्या पोच्याला घरात जी आरडाओरड होते, तीवरून मूल शिकते, की दुसरा पोचा सांगायचा की लपवायचा. आणि दिसणारा पोचा स्वस्तात निघतो. लपवलेल्या पोच्यामागे काय तडकले आहे, हे उतारावर गेल्याशिवाय कळत नाही. शाळेतही हेच. चुकलेले गणित मुलाने पुसून टाकले, तर ते नेमके कुठे चुकले, हे गुरुजींना कधीच दिसत नाही.

याचा अर्थ मुलांच्या हाती किल्ली द्यावी असा नव्हे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात सुधारणा झाली. अजाण मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तो पोचा पत्र्याला पडत नाही, घराला पडतो.

जाता जाता व्यवहाराच्या दोन गोष्टी. पहिली, पोचा पडल्यावर नुसता पत्रा पाहू नका. ब्रेक, दिवे, चाकाची चाल आणि खाली काही गळते आहे का, हे आधी पाहा. दुसरी विम्याची. फक्त दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा असेल, तर आपल्या गाडीच्या पोच्याचे त्यातून काही मिळत नाही. संपूर्ण विमा असेल आणि वर्षभरात काही मागितले नसेल, तर आपल्या गाडीच्या नुकसानीपोटीच्या हप्त्यात वीस टक्के सूट मिळते. ती वाढत वाढत पाच वर्षांत पन्नास टक्क्यांवर जाते. लिंबाएवढ्या पोच्यासाठी एकदा पैसे मागितले, की सर्वसाधारणपणे ही सूट शून्यावर येते. तेव्हा आधी मिस्त्रीला खर्च विचारा आणि मग कागद भरा.

आता शेवटचा पोचा सांगतो आणि आपली रजा घेतो. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी ओसरीवर उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. माझी अकरा वर्षांची मुलगी सायकल घेऊन अंगणात फिरत होती. पत्र्याचा आवाज झाला. मी मान वर केली नाही, आणि खरे सांगायचे तर मुद्दामच केली नाही. थोडा वेळ सगळे शांत. मग पायरीवर पावले वाजली. ती समोर येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी होते, पण आवाज स्पष्ट होता.

"बाबा, मी गाडीला पोचा पाडला."

माझ्या ओठांवर आलेले शब्द काय होते, ते आकाशवाणीवर सांगण्यासारखे नाही. ते मी गिळले. मी तिला जवळ घेतले, आणि आम्ही दोघांनी जाऊन पोचा पाहिला. पाठोपाठ सायकलचा ब्रेकही पाहिला. तो खरोखरच ढिला झाला होता.

तो पोचा मी अजून काढलेला नाही. गॅरेजवाला दर वेळी विचारतो, "सर, हा काढून टाकू का?" मी नको म्हणतो. तो पोचा पडला, तेव्हा वाक्यातला कर्ता जागेवर उभा होता.